पाठीच्या दुखण्याची खतावणी
कायरोप्रॅक्टिक उपचारांतील तपासणी, निदान आणि त्यांच्या नोंदी

अमेरिकेतील आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी, डॅव्हनपोर्ट नावाचे शहर आहे. १८९५ सालच्या सप्टेंबर महिन्यात तेथे डॅनिएल डेव्हिड पामर या गृहस्थांनी हार्वी लिलार्ड नावाच्या एका माणसाच्या पाठीच्या मणक्यावर हाताने दाब दिला. पामर हे मूळचे कॅनडातील. शाळामास्तर, मधमाशीपालक, किराणा दुकानदार असे अनेक व्यवसाय करून शेवटी ते हस्तस्पर्शाने उपचार करू लागले होते. लिलार्ड हे त्याच इमारतीची झाडलोट पाहत असत आणि सतरा वर्षांपासून त्यांना ऐकू येत नव्हते. दाब दिल्यावर त्यांना ऐकू येऊ लागले, असे पामर यांनी सांगितले. कायरोप्रॅक्टिक या उपचारपद्धतीचा जन्म या घटनेतून झाला असे मानले जाते. हात आणि क्रिया या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनलेले हे नाव पामर यांना त्यांचे एक रुग्ण, रेव्हरंड सॅम्युएल वीड यांनी सुचवले.

या घटनेविषयी पुढे बरेच वाद झाले. ऐकण्याची नस कवटीच्या आत असते, ती पाठीच्या कण्यातून जात नाही. मग मणका दाबल्याने बहिरेपण कसे जाईल, असा प्रश्न वैद्यकशास्त्राने विचारला. लिलार्ड यांच्या कन्येने सांगितलेली हकीकत पामर यांच्या हकीकतीपेक्षा वेगळी होती. उपचारापूर्वी लिलार्ड यांना किती ऐकू येत होते, नंतर किती येऊ लागले, कोणत्या कानाने, किती दिवस टिकले, यांपैकी कशाचेही मोजमाप उपलब्ध नाही. ज्या व्यवसायातील लक्षावधी रुग्ण आज जगभर उपचार घेतात, त्याच्या पहिल्या रुग्णाचे तपासणीपत्रकच नाही. त्यामुळे सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही हा वाद मिटलेला नाही आणि मिटण्याची शक्यताही नाही. ज्या व्यवहाराची नोंद नाही, तो व्यवहार झाला की नाही हे कोणताही हिशेबनीस ठरवू शकत नाही.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले-मुली अमेरिकेत, कॅनडात आणि इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत. त्यांना भेटावयास गेलेल्या ज्येष्ठांपैकी कुणाची तरी कंबर धरते, आणि घरातील तरुण मंडळी त्यांना जवळच्या कायरोप्रॅक्टरकडे नेतात. आता आपल्या मोठ्या शहरांतही या नावाच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. हा उपचार घ्यावा की न घ्यावा, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. उत्तम कायरोप्रॅक्टर रुग्णाची तपासणी कशी करतो, निदानापर्यंत कसा पोहोचतो आणि त्या साऱ्याची नोंद कशी ठेवतो, हे मात्र व्यापारी कुटुंबांनी अवश्य समजून घ्यावे. वही नीट ठेवणारा आणि न ठेवणारा यांतील फरक त्यांच्याइतका दुसरे कोण ओळखणार?

मान्यता आली आणि पाठोपाठ हिशेब आला

प्रारंभीच्या काळात या व्यवसायाला कायद्याचा आधार नव्हता. परवान्याशिवाय वैद्यकी केल्याच्या आरोपावरून खुद्द पामर यांना १९०६ साली तुरुंगात जावे लागले. कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये पहिला परवाना कायदा केला, तर सर्वांत शेवटी लुइझियाना राज्याने १९७४ मध्ये. दरम्यान अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या सदस्य डॉक्टरांनी कायरोप्रॅक्टरांशी व्यावसायिक संबंध ठेवणे अनैतिक ठरवले होते. त्याविरुद्ध चेस्टर विल्क आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दावा दाखल केला. ११ वर्षांनी, १९८७ मध्ये, न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर यांनी हा बहिष्कार स्पर्धाविषयक कायद्याचा भंग करणारा आहे असा निर्णय दिला आणि १९९० मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला.

नोंदींच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे वर्ष म्हणजे १९७२. त्या वर्षी अमेरिकेच्या संसदेने ज्येष्ठ नागरिकांच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेत कायरोप्रॅक्टिक उपचारांचा समावेश केला. मात्र अट घातली की मणक्यातील दोष क्ष-किरण छायाचित्राने सिद्ध झाला पाहिजे. ही अट पाव शतकाहून अधिक काळ टिकली. १ जानेवारी २००० पासून ती काढण्यात आली आणि छायाचित्राऐवजी हातांनी केलेली शारीरिक तपासणीही पुरावा म्हणून ग्राह्य धरली जाऊ लागली. रुग्णांचा विनाकारण होणारा किरणोत्सर्गाचा संपर्क त्यामुळे कमी झाला, पण एक नवी जबाबदारी आली. छायाचित्र हे स्वतःच एक कागदपत्र असते. हाताला काय जाणवले हे मात्र लिहून ठेवल्याशिवाय कागदपत्र होत नाही. तपासणीची नोंद हाच आता एकमेव पुरावा ठरला.

चार रकान्यांची शिस्त

आज जगातील बहुतेक रुग्णालयांत ज्या पद्धतीने भेटीची नोंद केली जाते, ती पद्धत डॉ. लॉरेन्स वीड या अमेरिकन वैद्याने घालून दिली. पामर यांना नाव सुचवणाऱ्या रेव्हरंड वीड यांच्याशी त्यांचे केवळ आडनाव जुळते. १९६८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात त्यांचा प्रसिद्ध लेख आला. त्या काळी रुग्णाच्या फाइलमध्ये कोण काय आणि कशासाठी लिहील याचा नेम नसे. वीड यांचे म्हणणे असे की नोंद ही रुग्णाच्या प्रत्येक समस्येनुसार लावलेली असावी, आणि ती वाचून दुसऱ्या वैद्याला पहिल्याचा विचार कळावा.

त्यांच्या पद्धतीचे चार भाग इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सोप’ या नावाने ओळखले जातात. पहिला भाग रुग्ण स्वतः काय सांगतो याचा. दुसरा, तपासणाऱ्याने काय पाहिले, चाचपले आणि मोजले याचा. तिसरा, या दोहोंवरून काय निष्कर्ष काढला याचा. चौथा, पुढे काय करायचे याचा. वरवर पाहता ही साधी मांडणी आहे. परंतु रोजमेळातून खतावणी आणि खतावणीतून ताळेबंद जसा निघतो, तसा येथे प्रत्येक रकाना आधीच्या रकान्यातून निघाला पाहिजे. निष्कर्षाच्या रकान्यात जे लिहिले त्याला पहिल्या दोन रकान्यांत आधार सापडला नाही, तर तो ताळेबंद जुळला नाही असे समजावे.

पहिली भेट: ऐकणे

पहिल्या भेटीतील सर्वांत मोठा वेळ बोलण्यात जावा, अशी अपेक्षा असते. मेडिकेअरच्या नियमपुस्तिकेत पहिल्या भेटीत काय काय नोंदले पाहिजे याची यादीच दिलेली आहे. दुखणे केव्हा व कसे सुरू झाले, नेमके कोठे आहे, कोठवर पसरते, ठणकते की टोचते, किती तीव्र आहे, दिवसातून किती वेळा होते, कशाने वाढते, कशाने कमी होते, यापूर्वी कोणते उपचार व औषधे घेतली, दुसऱ्या काही तक्रारी आहेत काय, हे सारे त्यात येते.

या प्रश्नांमागे आणखी एक हेतू असतो. पाठदुखीच्या बहुसंख्य रुग्णांना स्नायू, सांधे वा अस्थिबंधांचा त्रास असतो आणि तो कालांतराने कमी होतो. थोड्या रुग्णांच्या बाबतीत मात्र पाठदुखीच्या आड वेगळा आजार दडलेला असतो. म्हणून काही धोक्याची चिन्हे प्रत्येक रुग्णाला विचारलीच पाहिजेत: पूर्वी कर्करोग झाला होता काय, कारण नसता वजन घटले आहे काय, ताप येतो काय, विश्रांती घेऊनही रात्री दुखणे वाढते काय, अलीकडे पडझड झाली काय, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतले आहे काय, हाडे ठिसूळ आहेत काय, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय.

सर्वांत तातडीचे चिन्ह म्हणजे लघवी वा शौचावरचा ताबा सुटणे आणि बैठकीच्या जागेला बधिरता येणे. कण्याच्या खालच्या टोकाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेल्याचे हे लक्षण असू शकते. अशा वेळी मणक्याला हात लावणे धोक्याचे असते. रुग्णाला थेट रुग्णालयात पाठवावे लागते आणि उशीर झाल्यास अपंगत्व कायमचे राहू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली कायरोप्रॅक्टिकचे शिक्षण आणि सुरक्षितता यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मणक्यावर झटक्याचा उपचार कोणत्या अवस्थांत मुळीच करू नये याची यादी त्यांत आहे, आणि अस्थिभंग, कण्यातील गाठ व जंतुसंसर्ग यांच्याबरोबर या अवस्थेचाही तीत समावेश आहे.

या प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ असतील तरीही लिहिली पाहिजेत. येथे अनेक जण चुकतात. रुग्णाला काही त्रास नव्हता म्हणून रकाना कोरा ठेवला, तर सहा महिन्यांनी तो कोरा रकाना वाचणाऱ्याला दोनपैकी कोणताही अर्थ काढता येतो: विचारले आणि नव्हते, किंवा विचारलेच नाही.

मानेचा प्रश्न

मानेच्या बाबतीत ही दक्षता अधिकच लागते. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर जातात. त्यांच्या भिंतीला आतून चीर पडली तर रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. मानेवरील झटक्याच्या उपचारानंतर असे क्वचित घडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत आणि त्यावरून दीर्घकाळ वाद चालू आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या आरोग्य नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा पक्षाघाताचा संबंध कायरोप्रॅक्टरच्या भेटीशी जसा दिसतो तसाच सामान्य डॉक्टरच्या भेटीशीही दिसतो, असे त्यात आढळले. त्याचा एक अर्थ असा लावला गेला की काही रुग्णांच्या धमनीला चीर आधीच पडलेली असते, आणि त्यामुळे मान व डोके दुखू लागते म्हणूनच ते उपचारासाठी येतात.

हा अर्थ मान्य केला तरी उपचारकाची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. पूर्वी कधी न झालेली, एकाएकी सुरू झालेली मानेची तीव्र वेदना, भोवळ, एकाच्या दोन वस्तू दिसणे, जीभ अडखळणे, गिळताना त्रास, चेहऱ्याला बधिरता यांपैकी काहीही असेल तर मानेला हात न लावता रुग्णाला पुढे पाठवणे, हाच त्या दिवसाचा योग्य उपचार होय. उपचारातील संभाव्य धोका आणि उपलब्ध पर्याय रुग्णाला समजावून सांगून त्याची संमती घेणे, आणि ती घेतल्याचे लिहून ठेवणे, हेही याच टप्प्यावर व्हावयास हवे.

तपासणी: हाताला जाणवलेले कागदावर

मणक्याच्या तपासणीसाठी मेडिकेअरने चार निकष ठरवले आहेत. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘पार्ट’ म्हणतात: वेदना किंवा दाबल्यावर होणारे दुखणे, दोन बाजूंतील असमानता किंवा मणक्याची बिघडलेली रेषा, हालचालीच्या पल्ल्यातील दोष, आणि त्वचा, स्नायू वा अस्थिबंधांच्या पोतातील बदल. या चारांपैकी किमान दोन आढळले पाहिजेत आणि त्यांपैकी एक असमानता किंवा हालचालीतील दोष असलाच पाहिजे. केवळ ‘येथे दुखते’ एवढ्यावर उपचाराचे पैसे मिळत नाहीत, कारण दुखणे रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून असते. हालचाल मोजता येते.

यासोबत नसांची तपासणी होते. रुग्णाला उताणे निजवून पाय सरळ ठेवून वर उचलणे, गुडघा व घोटा यांवर हातोडीने टिचकी मारून प्रतिक्षिप्त क्रिया पाहणे, पायाच्या अंगठ्याची ताकद आजमावणे, त्वचेची संवेदना दोन्ही बाजूंना सारखी आहे काय हे पाहणे. प्रत्येक निष्कर्ष डाव्या-उजव्या बाजूसह आणि शक्य तेथे आकड्यात लिहिला जावा. ‘हालचाल कमी’ असे लिहिणे आणि ‘पुढे वाकणे ४० अंशांपर्यंत, त्यापुढे डाव्या बाजूस वेदना’ असे लिहिणे यांत उधारीच्या तोंडी आश्वासनाचा आणि सही केलेल्या हुंडीचा फरक आहे.

निदानाला नाव देणे

तपासणीनंतर निदान येते आणि येथे या व्यवसायातील जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. पामर यांनी मणक्याच्या ज्या दोषाला बहुतेक रोगांचे मूळ मानले, त्याला ‘सबलक्सेशन’ म्हणतात. अमेरिकेच्या कायद्यातही हा शब्द शिरला, त्यामुळे मेडिकेअरकडे पाठवलेल्या बिलात तोच मुख्य निदान म्हणून लिहावा लागतो. परंतु हा दोष अन्य रोगांचे कारण असतो या दाव्याला आधुनिक विज्ञानाचा पाठिंबा मिळालेला नाही. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल या नियामक संस्थेनेच २०१० मध्ये स्पष्ट केले की ही एक सैद्धांतिक कल्पना आहे आणि तिच्यामुळे रोग होतात असा दावा करण्याइतका संशोधनाचा आधार तिला नाही.

म्हणूनच चांगले उपचारक एका शब्दावर थांबत नाहीत. ‘कमरेच्या मणक्यांच्या हालचालीतील दोष’ यासाठी एक संकेतांक आणि रुग्णाला प्रत्यक्ष होणाऱ्या त्रासासाठी दुसरा, असे दोन्ही ते नोंदतात. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती लागू आहे. कंबरदुखीसाठी आधी त्यात एकच संकेतांक होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याचे अधिक नेमके उपप्रकार करण्यात आले. उपचाराचे संकेतांक वेगळे असतात: कण्याचे पाच विभाग धरून एक-दोन विभागांवर उपचार केल्यास ९८९४०, तीन-चार विभागांवर केल्यास ९८९४१ आणि पाचही विभागांवर केल्यास ९८९४२. तक्रार फक्त कमरेची, तपासणीही फक्त कमरेची, आणि बिल मात्र पाच विभागांचे, असे असेल तर काय समजावे, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

दुखणे मोजण्याची पट्टी

वेदना ही दिसत नाही, मग ती कमी झाली हे ठरवायचे कसे? १९८० साली इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री गावच्या अस्थिरोग रुग्णालयातून एक साधी प्रश्नावली पुढे आली. तीत दहा भाग आहेत: वेदनेची तीव्रता, स्वतःचे आवरणे, वजन उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, वैवाहिक जीवन, सामाजिक जीवन आणि प्रवास. प्रत्येक भागाला शून्य ते पाच गुण. एकूण ५० पैकी मिळालेल्या गुणांची टक्केवारी काढायची. आकडा जितका मोठा, तितकी अडचण मोठी. याच धर्तीवर मानेसाठीची प्रश्नावली कॅनडातील एका कायरोप्रॅक्टिक महाविद्यालयातील हॉवर्ड व्हर्नन आणि सिल्व्हानो मिऑर यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. या व्यवसायाने आरोग्यक्षेत्राला दिलेली ही एक उपयुक्त देणगी म्हणावी लागेल.

या प्रश्नावलींचे मोल असे की त्या रुग्णाच्या जगण्याशी बोलतात. गादीवर दिवसभर बसून व्यवसाय सांभाळणाऱ्या माणसाला मणका किती अंश वळतो यात रस नसतो. आपण दुकानात तासभर बसू शकू काय, हे त्याला हवे असते.

एक कल्पित उदाहरण

समजा, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहणारे एक ६७ वर्षांचे किराणा व्यापारी कंबर धरली म्हणून कायरोप्रॅक्टरकडे गेले. पहिल्या दिवशीची नोंद अशी असू शकेल: पाच दिवसांपूर्वी खोके उचलताना कमरेच्या डाव्या बाजूस चमक, वेदना दहापैकी सात, २० मिनिटे बसल्यावर वाढते, चालल्यावर कमी, पायात मुंग्या नाहीत, लघवी-शौचावर ताबा ठीक, ताप नाही, वजन घटलेले नाही, मधुमेहाच्या गोळ्या चालू, रक्त पातळ करणारे औषध नाही. तपासणीत पुढे वाकणे ४० अंश. चौथ्या-पाचव्या कटिमणक्याशी डावीकडे दाबल्यावर वेदना. प्रतिक्षिप्त क्रिया दोन्हीकडे समान. दोन्ही अंगठ्यांची ताकद पाचपैकी पाच. प्रश्नावलीत ५० पैकी २२ गुण, म्हणजे ४४ टक्के. योजना: आठवड्यातून दोन भेटी, चार आठवडे, त्यानंतर फेरतपासणी. उद्दिष्ट: सलग एक तास बसता येणे आणि टक्केवारी २४ च्या खाली आणणे.

तिसऱ्या भेटीत वेदना पाचवर आली, ३५ मिनिटे बसता येऊ लागले. आता समजा, सहाव्या भेटीत त्यांनी सहज सांगितले की कालपासून डाव्या पायाला थोड्या मुंग्या येतात. उपचारकाने अंगठ्याची ताकद पाहिली, ती पाचपैकी चार भरली. पहिल्या दिवशी पाचपैकी पाच लिहिलेले आहे, म्हणून आजचे चार ही नवी घसरण आहे हे लगेच कळते. उपचार तेथेच थांबतो. पत्र आणि सर्व नोंदींसह रुग्णाला मणक्याच्या तज्ज्ञाकडे पाठवले जाते. पहिल्या दिवशीचा तो आकडा लिहिलेला नसता, तर ‘वय झाले, थोडा अशक्तपणा असायचाच’ असे म्हणून सातवी आणि आठवी भेटही पार पडली असती. एका आकड्याने पाय वाचू शकतो, तो असा.

छापील साच्याची नोंद

संगणक आल्यापासून नोंदींचा एक नवा रोग बळावला आहे. मागच्या भेटीची नोंद उचलायची, तारीख बदलायची आणि जतन करायची. दहा भेटींत दहा वेळा तीच वेदना, तेच अंश, तेच शब्द. अशी नोंद पाहिल्यावर तपासनीस दोनच निष्कर्ष काढू शकतो: एक तर रुग्णाला काहीच फरक पडला नाही, मग उपचार चालू का ठेवले? नाही तर फरक पडला, पण कुणी पाहिलेच नाही. म्हणून प्रत्येक पुढील भेटीत मागच्या वेळेपासून काय बदलले, आज काय आढळले आणि आज नेमके काय केले, या तीन गोष्टी ताज्या लिहाव्या लागतात. चूक दुरुस्त करायची तर जुना मजकूर वाचता येईल अशी एक आडवी रेघ मारून, दुरुस्तीची तारीख आणि सही द्यावी लागते. खोडरबर आणि पांढरी शाई यांना बँकेच्या खातेवहीत जसे स्थान नाही, तसे येथेही नाही.

या बाबतीत व्यवसायाची स्थिती समाधानकारक नव्हती, हे सरकारी तपासणीतच उघड झाले. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २००१ सालच्या मेडिकेअर बिलांच्या नमुन्याची छाननी करून २००५ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार ९४ टक्के सेवांच्या नोंदींत आवश्यक बाबींपैकी किमान एक तरी अपुरी होती. ज्या उपचारांतून आणखी सुधारणेची अपेक्षा नाही, केवळ आहे ती स्थिती टिकवायची आहे, त्यांचे पैसे मेडिकेअर देत नाही. तसे उपचारही बिलांत मोठ्या प्रमाणात आढळले. यातील प्रत्येक उपचारक अप्रामाणिक होता असे मुळीच नाही. अनेकांनी काम चोख केले असेल, फक्त लिहिले नसेल. पण न लिहिलेले चोख काम आणि न केलेले काम कागदावर सारखेच दिसतात, आणि त्या दोघांना वेगळे करण्याचे साधन तपासनिसाकडे नसते. परतफेडीची नोटीस दोघांनाही सारखीच येते.

कुटुंबांनी काय लक्षात ठेवावे

अमेरिकेत १९९६ च्या कायद्याखालील नियमांनुसार रुग्णाला आपल्या नोंदींची प्रत मागण्याचा हक्क आहे आणि ती सामान्यतः ३० दिवसांत द्यावी लागते. परत येणाऱ्या ज्येष्ठांनी ती प्रत बरोबर आणावी. येथील अस्थिरोगतज्ज्ञाला तेथे काय केले हे सांगताना ‘पाठीत कट्‌कन आवाज झाला’ यापेक्षा ती चार पाने अधिक उपयोगी पडतील.

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. डॉक्टरांच्या बाबतीत २००२ च्या आचारसंहितेने दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवणे आणि मागितल्यावर ७२ तासांत देणे बंधनकारक केले आहे. कायरोप्रॅक्टरवर देखरेख ठेवणारी अशी परिषद येथे नसल्याने दक्षतेचा अधिक भार रुग्णावर आणि त्याच्या घरच्यांवर येतो. त्यांनी पुढील साध्या गोष्टी पाहाव्यात.

उपचारकाचे शिक्षण कोठे व किती वर्षांचे झाले हे विचारावे. पहिल्याच भेटीत, काही न विचारता आणि न तपासता, मणक्याला हात घातला जात असेल तर नम्रपणे उठून यावे. आपली औषधे, जुने आजार, शस्त्रक्रिया आणि पडझड यांची यादी घरूनच लिहून न्यावी. विचारले नाही तरी सांगावी. निदान काय, किती भेटी लागतील आणि सुधारणा कशावरून ठरवणार, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कागदावर मागावीत. वीस-तीस भेटींचे पैसे एकरकमी आगाऊ मागितले जात असतील, तर फेरतपासणीची तारीख ठरल्याशिवाय ते देऊ नयेत. चार आठवड्यांत काहीच फरक नसेल तर दुसरे मत घ्यावे. आणि पायात अशक्तपणा, बैठकीच्या जागेला बधिरता किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही जाणवले तर कुणाच्याही पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

यासाठी घरात एक साधी वही पुरेशी आहे. तारीख, वेदना दहापैकी किती, किती वेळ बसता आले, किती चालता आले, कोणते औषध घेतले आणि कोणता उपचार झाला, एवढे सहा रकाने आखावेत आणि रात्री दुकानाचा मेळ घालताना त्याच बैठकीत तेही भरावेत. पुढच्या वेळी डॉक्टर वा कायरोप्रॅक्टर ‘कसे वाटते?’ असे विचारतील, तेव्हा ती वही त्यांच्यासमोर उघडून ठेवावी.